आधी शाळेचं मंडळ, मग विधिमंडळ

मॅरियन, आयोवा
फेब्रुवारी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. इथं अमेरिकेत, आयोवा राज्यात, आपल्या नागपूरच्या एक बाई आमदार होत्या म्हणतात, ते खरं का, ही एक. दुसरी तू फोन ठेवता ठेवता बोललीस. गावच्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती नव्यानं निवडायची आहे, मुख्याध्यापकांनी अध्यक्षपदासाठी तुझं नाव सुचवलं आहे आणि घरात ते कुणाला फारसं रुचलेलं नाही. शेजारच्या ओट्यावर कुणीतरी म्हटलं म्हणे, “बाहेरून आलेली सून आमच्या शाळेत काय करून राहिली?” तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला पहिल्यात दिसतं, म्हणून हे लांबलचक पत्र लिहायला बसले. दादालाही वाचून दाखव. निवडणुकीच्या गोष्टी त्याला आवडतात, आणि हे तर नागपूरच्या लेकीचं आहे.

त्यांचं नाव स्वाती दांडेकर. माझी त्यांची घरोब्याची ओळख नाही. मी इथं संसार थाटला तेव्हा त्या विधिमंडळात होत्या. तेव्हा पुढे लिहिते आहे ते सगळं चारचौघांना माहीत असलेलं, वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. त्यावरची मतं मात्र माझी.

जन्म १९५१ चा, नागपूरचा. नागपूर विद्यापीठाची विज्ञानाची पदवी, मग मुंबईत आहारशास्त्राची पदविका, आणि १९७३ मध्ये आयोवा. तेव्हा वय बावीस. अमेरिका म्हटलं की आपल्याकडे न्यूयॉर्क नाहीतर कॅलिफोर्निया डोळ्यांसमोर येतं. हे त्यातलं काहीच नाही. इथं नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, मधे डुकरांचे गोठे, धान्याच्या उंच कोठ्या, आणि दर काही मैलांवर चर्चचा मनोरा असलेलं छोटं गाव. सोयाबीनचे भाव पडले की इथलेही शेतकरी तुमच्या काटोलच्या शेतकऱ्यांसारखेच चिंतेत असतात. त्या काळी साडी नेसलेली बाई किराणा दुकानात दिसली तर लोक वळून पाहत असणार.

पण आयोवा म्हणजे निव्वळ बंद दारांचा मुलूख, असं समजू नकोस. आमच्या गावाला लागून असलेल्या सीडर रॅपिड्स शहरात एकोणिसाव्या शतकात चेक लोक मांसाच्या कारखान्यात कामाला आले. त्यांची वस्ती आजही चेक व्हिलेज म्हणून नांदते आहे. सिरिया-लेबननकडच्या फेरीवाल्यांनी आणि दुकानदारांनी त्याच शहरात १९३४ मध्ये एक छोटी पांढरी मशीद बांधली. मुळात मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि आजवर टिकलेल्या अमेरिकेतल्या मशिदींत ती सगळ्यांत जुनी. आणि दांडेकरबाई आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, व्हिएतनाम-लाओसकडच्या, युद्धातून पळून आलेल्या ताई दाम लोकांना राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी एकत्र आयोवात वसवलं. ते रिपब्लिकन पक्षाचे होते. आज त्या पक्षाची भाषा ऐकली की हे मुद्दाम आठवून सांगावंसं वाटतं.

बाईंनी मॅरियनमध्ये संसार केला, दोन मुलगे वाढवले, मुलांच्या शाळेत जाऊ-येऊ लागल्या. १९९६ मध्ये त्या लिन-मार शाळा मंडळावर निवडून आल्या. १९७३ ते १९९६, ही तेवीस वर्षं लक्षात ठेव. पुढच्या सगळ्याचं मूळ मला तिथं दिसतं.

हे शाळा मंडळ म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे. इथं शाळा नगरपालिकेच्या नसतात आणि जिल्ह्याच्याही नसतात. शाळांचा स्वतःचा एक परगणा असतो, त्याची स्वतःची हद्द, स्वतःचं अंदाजपत्रक, आणि कारभार पाहायला लोकांनी निवडून दिलेलं मंडळ. लिन-मारच्या मंडळावर सात जण असतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. पगार नाही, मानधनही नाही, राज्याचा कायदाच तसा आहे. आणि कामं बघ किती. सगळ्या शाळांचा जो प्रमुख अधिकारी, सुपरिंटेंडंट, त्याला नेमायचं आणि वेळ पडली तर घरी पाठवायचं. घरपट्टीत शाळेचा वाटा किती ते ठरवायचं. बस कुठल्या रस्त्यानं जाईल, कुठल्या वस्तीतली मुलं कुठल्या इमारतीत बसतील, वाढत्या गावाला नवी शाळा कुठं लागेल, हे सगळं त्यांनीच पाहायचं. नवी इमारत बांधायला कर्जरोखे काढायचे झाले तर गावाचं मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून एक मत जास्त मिळालं म्हणून भागत नाही. शंभरात साठ मतं मिळाली तरच ठराव मंजूर. म्हणजे ज्यांची मुलं कधीच शिकून बाहेर पडली त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पटवून द्यावं लागतं की तुमच्या घरपट्टीतले चार पैसे दुसऱ्याच्या नातवंडांवर खर्च करा.

माझी मुलं शाळेत होती तेव्हा मी या सभांना जाऊन बसायची. दार सगळ्यांना उघडं असतं. आज कुठले विषय निघणार त्याचा कागद किमान चोवीस तास आधी लावावा लागतो. एका सभेत एक बाप उभा राहून आपल्या मुलीच्या बसथांब्यापाशी बर्फ साफ होत नाही म्हणून तावातावानं बोलत होता. सभासद शांतपणे ऐकत होते, लिहून घेत होते. मला कंटाळा आला नाही उलट फार बरं वाटलं. राज्यकारभाराचं सगळ्यांत खरं रूप मला त्या खोलीत दिसलं. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार तो माणूस समोर उभा असतो, आणि उद्या किराणा दुकानात तोच भेटणार असतो.

दांडेकरबाईंनी अशी सहा वर्षं काढली. मॅरियन तेव्हा भराभर वाढत होतं. १९९० च्या सुमारास वीस हजारांवर वस्ती, २००० मध्ये सव्वीस हजारांवर, आणि २०२० च्या शिरगणतीत एक्केचाळीस हजारांच्या पुढे. नवी घरं म्हणजे नवी मुलं, नवे वर्ग, नवे खर्च. या काळात गावातल्या शेकडो आईबापांनी त्यांना आपल्या मुलांच्या शाळेसाठी भांडताना, हिशेब विचारताना पाहिलं.

मग २००२. त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून आयोवाच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या. हे आपल्या विधानसभेसारखं खालचं सभागृह, पण आकारात फार फरक. आयोवाची वस्ती तीस लाखांच्या आसपास आणि गृहाच्या जागा शंभर. म्हणजे एका आमदारामागे साधारण तीस हजार माणसं. आपल्याकडे २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सव्वाअकरा कोटी माणसांना २८८ आमदार, एकेकाच्या वाट्याला जवळजवळ चार लाख. तीस हजारांत उमेदवार खरोखर दारोदार जाऊ शकतो. घंटी वाजवायची, नाव सांगायचं, दोन मिनिटं ऐकून घ्यायचं, पुढचं दार. इथं निवडणूक अशीच लढवतात, आणि दार उघडणाऱ्यानं तुम्हाला आधी शाळेत पाहिलेलं असलं तर अर्धं काम झालेलं असतं.

त्या प्रचारात एक घाणेरडा प्रकार घडला. समोरच्या रिपब्लिकन उमेदवार बाईंचा एक ईमेल उघड झाला. त्याचा आशय असा होता: मी आयोवात वाढत होते, शाळेत झेंड्यापुढे उभी राहून देशनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणत होते, तेव्हा स्वाती भारतात, अजूनही जिवंत असलेल्या जातिव्यवस्थेत वाढत होती. तिला इथले कायदे करायला ते कसं उपयोगी पडणार? अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं. सावळ्या माणसाकडे संशयानं पाहण्याचे ते दिवस. पण त्या उमेदवाराच्या पक्षातल्या पुढाऱ्यांनीच या मजकुरापासून अंग काढून घेतलं, आणि दांडेकरबाई निवडून आल्या. ज्या गावात गोऱ्या नसलेल्या लोकांची मतं मोजकीच, तिथं त्या गोऱ्या शेजाऱ्यांच्या मतांवर निवडून आल्या.

सायली, त्या ईमेलवर मी पुष्कळ विचार केला आहे. जातिव्यवस्था खरी आहे. ती आपल्या घरादारांत होती आणि आहे, तिच्याबद्दल कुणी परक्यानं बोललं म्हणून रागवायचा आपल्याला हक्क नाही. पण लिहिणारीला नागपूर ठाऊक नव्हतं. ज्या शहरात स्वाती नावाची मुलगी लहानाची मोठी होत होती, त्याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो माणसांसह धम्म स्वीकारला. ती मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. माणसाला जन्मानं लहान ठरवणाऱ्या व्यवस्थेला सगळ्यांत मोठं उत्तर ज्या गावानं पाहिलं, त्या गावात जन्मल्याबद्दल हिला अपात्र ठरवायचं, आणि तेही जन्माच्याच आधारावर! तू कुठं जन्मलीस यावरून तुझी लायकी ठरते, असं म्हणणाऱ्या बाईनं जातीला नावं ठेवावीत याचा मला आजही संताप येतो. दीक्षाभूमीवर तू दरवर्षी जातेस. तिथं उभी राहशील तेव्हा हे आठव.

पुढे त्या २००४ आणि २००६ मध्येही निवडून आल्या, आणि २००८ मध्ये वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये गेल्या. तिथं पन्नासच जागा, मुदत चार वर्षांची. इथलं विधिमंडळ बारमाही नसतं. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी बसतं आणि वसंत ऋतूत उठतं, पेरणी सुरू व्हायच्या सुमाराला. पगार वर्षाला पंचवीस हजार डॉलरांच्या आसपास, त्यावर घर चालत नाही. कुणी शेतकरी, कुणी वकील, कुणी निवृत्त मास्तर. मॅरियनहून राजधानी डे मॉईन मोटारीनं दोन तासांवर. जानेवारीत या रस्त्यावर आडवं वारं सुटतं आणि बर्फ शेतांवरून उडून डांबरावर येतो. सोन्याचा मुलामा दिलेला विधानभवनाचा घुमट मात्र लांबून दिसतो. आम्ही मुलांना एकदा घेऊन गेलो होतो, दादाला फोटो पाठवले होते.

विधिमंडळात त्यांचा भर शिक्षणावर राहिला. शाळेतच मुलांना अभियांत्रिकीची गोडी लागावी म्हणून ‘प्रोजेक्ट लीड द वे’ नावाचा अभ्यासक्रम आहे. मुलं स्वतः यंत्रं आखतात, जोडतात, बिघडलं तर का बिघडलं ते शोधतात. तो आयोवाच्या शाळांत पसरावा यासाठी त्यांनी जोर लावला. आमच्या भागात त्याला अर्थही होता, कारण इथला मोठा कारखाना विमानांची उपकरणं बनवतो आणि त्याला इंजिनियर हवेच असतात. आपले किती जण त्याच कारखान्यामुळे इथं आले! पक्षाच्या दृष्टीनं त्या मध्यममार्गी. धंदेवाल्यांशीही बोलणाऱ्या, विरोधकांशीही. त्यांच्या मतदारसंघात तसंच राहून निभत होतं.

त्यांच्या सिनेटच्या निवडणुकीच्या वर्षीच, जून २००८ मध्ये, सीडर नदीचा पूर आला. पाणी ३१ फुटांवर चढलं. शहराचा सातवा हिस्सा बुडाला, पाच हजारांवर घरं पाण्यात गेली. चेक व्हिलेज बुडालं, वाचनालय बुडालं, नगरपालिका नदीतल्या बेटावर होती तीही बुडाली. त्यानंतरची कित्येक वर्षं इथल्या लोकप्रतिनिधींचं निम्मं काम म्हणजे घरं विकत घेण्याचा पैसा, बंधाऱ्यांचा पैसा, वॉशिंग्टनहून आणि डे मॉईनहून खेचून आणणं, हेच होतं. लोकप्रतिनिधी कशाला लागतो ते पुराच्या वर्षी कळतं.

आता जे सांगते ते दादाला जास्त पटेल की तुला, माहीत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये, मुदत संपायला वर्षाहून जास्त काळ असताना, त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला. रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं होतं. वीज आणि गॅसच्या दरांवर देखरेख ठेवणारं हे तीन जणांचं मंडळ. एका पक्षाचे दोनच सभासद असू शकतात, त्यामुळे विरोधी पक्षातलं कुणीतरी त्यावर घेतलं जातंच. काम महत्त्वाचं, कारण आयोवा तेव्हाच पवनचक्क्यांच्या विजेत देशात पुढे निघालं होतं. पगारही आमदारकीच्या कितीतरी पट. नुसतं एवढंच असतं तर कुणी दोष दिला नसता.

पण सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४ होते. ती एक जागा रिपब्लिकनांकडे गेली असती तर पंचवीस-पंचवीस. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मान्यता दिली होती. ती घटनादुरुस्तीनं काढून घ्यावी म्हणून एक बाजू टपून बसली होती, आणि सिनेटमधल्या दोन मतांच्या फरकावर ते अडलेलं होतं. एकदम सगळ्या राज्याची नजर आमच्या मॅरियनवर. टीव्ही लावला की जाहिरात, टपालपेटी उघडली की पत्रकं, घराघरांपुढे पाट्या. मला तेव्हा मत नव्हतं, नागरिकत्व मिळायचं होतं, पण शेजारच्या आजी रोज संध्याकाळी येऊन ताजी खबर सांगायच्या. शेवटी ८ नोव्हेंबरला लिझ मॅथिस निवडून आल्या. टीव्हीवर वर्षानुवर्षं बातम्या देणारा घराघरांत ओळखीचा चेहरा, आणि डेमोक्रॅट. २६-२४ तसंच राहिलं. ज्या जोडप्यांची लग्नं झाली होती ती सुखरूप राहिली.

दांडेकरबाईंच्या त्या निर्णयावर त्यांच्या पक्षातली खूप माणसं चिडली. बाईंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. माणसाला वेगळं, मोठं काम करावंसं वाटू शकतं, आणि आपण पक्षाची मालमत्ता नव्हे असंही वाटू शकतं. तरी मला तो निर्णय पटत नाही. चार वर्षांसाठी मत दिलेल्या माणसांना विचारल्यावाचून उठून जाणं, आणि तेही काटा इतका नाजूक तोललेला असताना, बरं नव्हे. ज्यांचा मान वाटतो त्यांच्याबद्दल हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. नाहीतर आपण आपल्या माणसांची नुसती आरतीच करत बसतो.

दोन वर्षांनी त्या ते मंडळ सोडून परत लोकांपुढे आल्या. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, पक्षांतर्गत निवडणूक लढवली. पाच उमेदवार होते. त्यांत आणखी एक बाहेरून आलेली मुलगी होती, अनेसा कायताझोविच. बॉस्नियाच्या युद्धातून निर्वासित म्हणून आलेली, आणि चोविसाव्या वर्षी आयोवाच्या प्रतिनिधिगृहात पोचलेली. एकाच मतपत्रिकेवर नागपूर आणि बॉस्निया, आणि गाव आयोवातलं! तिकीट दोघींनाही मिळालं नाही, पॅट मरफी यांना मिळालं. २०११ चा राजीनामा पक्षाचे मतदार विसरले नव्हते असं मला वाटतं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून, राजदूताच्या दर्जानं, नेमलं. ती बँक मनिलात आहे. आशियातल्या रस्त्यांना, वीजघरांना, पाणीयोजनांना कर्ज देते, भारतालाही देते. वीजदरांच्या मंडळातला अनुभव तिथं कामी आला असेल.

काँग्रेसमध्ये पोचलेल्या दुसऱ्या मराठी माणसाबद्दल दादा नक्की विचारेल, म्हणून श्री ठाणेदारांचंही (‘श्री’ हे त्यांचं नावच) सांगते. ते बेळगावकडचे, चिकोडीत जन्मलेले, मराठी बोलणारे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, धंद्यात वर गेले, बुडाले, पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे जवळजवळ एक कोटी डॉलर ओतले आणि पक्षाच्या निवडणुकीत तिसरे आले. मग २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या विधिमंडळात, २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये. जिद्द मोठी, आणि बेळगावच्या गरिबीतून आलेल्या माणसाचं कौतुक मला आहेच. पण दोन वाटांतली कुठली माझ्या मनाला भिडते म्हणशील तर शाळा मंडळाची. पैसा असला की नाव घराघरांत पोचतं. विश्वास मात्र वर्षानुवर्षं त्याच त्या खोलीत बसून, त्याच त्या लोकांचं ऐकून येतो. आणि तो येतो तेव्हा कुणी तुमच्या जन्मगावाकडे बोट दाखवलं तरी शेजारी त्याला जुमानत नाहीत. २००२ मध्ये मॅरियननं तेच केलं.

आता तुझं. तू लग्न करून नागपूरहून त्या गावात गेलीस, म्हणजे तुलाही कधीतरी “ही इथली नाही” ऐकावं लागणारच. आपल्याकडे प्रत्येक सून थोडी परदेशी असते, आणि तरी गावच्या शाळा, पाणी, अंगणवाडी तिच्याच वाट्याला येतात. दांडेकरबाईंना कायद्यानं कुठलंही दार उघडून दिलेलं नव्हतं. इथल्या निवडणुकांत बाईसाठी राखीव जागा नसते. तुला दिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ च्या, समितीत चारातले तीन पालक असलेच पाहिजेत आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, आलेलं अनुदान कुठं गेलं ते समितीनं पाहायचं. मुख्याध्यापक सचिव, पण अध्यक्ष पालकांतलाच. तू पालक आहेस. आर्यन तिसरीत त्याच शाळेत बसतो. याहून जास्त “इथली” कोण असतं?

वहिनी म्हणेल, नसती भानगड कशाला. वहिनी, आपल्या जिल्ह्यात किती समित्यांच्या सभा नुसत्या कागदावर होतात ते तुलाही माहीत आहे. रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, कुणी ओळ वाचत नाही. सायलीनं तेवढं जरी थांबवलं तरी मोठं काम होईल.

सायली, झालीस तर पहिल्या सभेत घाई करू नकोस. मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागव आणि घरी आणून वाच. पोषण आहाराचं रजिस्टर पटाशी ताडून पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का ते स्वतः जाऊन बघ, कुणाला विचारू नकोस. सभेचे विषय दोन दिवस आधी शाळेच्या फळ्यावर लिहायला लाव, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या आयांना ठरवता येईल. सभा संध्याकाळी ठेव, त्यांची रोजी बुडू देऊ नकोस. ज्या पाड्यावरची मुलं हल्ली येत नाहीत तिथं एकदा चालत जा. ओट्यावर जे बोलले त्यांच्याही घरी जा. त्यांचीही नातवंडं त्याच शाळेत असतील.

निवड ज्या पालकसभेत आहे तिची तारीख मला कळव. आणि दादा, तू तिच्या सासऱ्यांशी एकदा बोल. तुझं ते ऐकतात. साखरेची तपासणी या महिन्यात राहिली आहे ना? ती करून आकडा मला पाठव. संत्र्यांचा मृग बहार कसा आला तेही लिही. इथं दुकानात कॅलिफोर्नियाची संत्री मिळतात, दिसायला देखणी, पण घरची चव नाही. मुलं परीक्षेत गुंतली आहेत, नाहीतर त्यांनीही चार ओळी लिहिल्या असत्या. हे ठीक आहेत, सगळ्यांना नमस्कार सांगतात.

तुझी,
आत्या